सर्टिफिकेट आलं, समज वाटेवर आहे

'ऑटिझम समजून घ्या, फक्त ४ तासांत! मूळ किंमत ४,९९९ रुपये, आज रात्री बारापर्यंत ४९९. प्रमाणपत्र मोफत.'

ही जाहिरात मोबाईलवर येते आणि रात्रीचे बारा काही कधी वाजत नाहीत. उद्याही ४९९च असतात.

चार तास म्हणजे किती, ते भाईंदरजवळच्या डोंगरी गावच्या माणसाला विचारा. एखाद्या दाखल्यासाठी बसने मोर्वा, राई, मुर्धे करत भाईंदर स्टेशन गाठायचं, तिथून पुढे ठाण्याला जायचं, 'साहेब आज मीटिंगला गेलेत' एवढं एकच वाक्य ऐकायचं आणि परत यायचं. एवढ्याला चार तास पुरत नाहीत. पण तेवढ्याच वेळात एक माणूस जग कसं ऐकतो, कसं बघतो, गर्दीत कान का झाकतो, तीच गोष्ट चाळीस वेळा का विचारतो, हे सगळं तुम्हाला समजणार आहे. मधे चहाला सुट्टीसुद्धा आहे.

बरं, हे कोर्स घेतं कोण?

पहिलं गिऱ्हाईक शाळा. शाळेच्या फाईलीत समावेशक शिक्षणाच्या नावाने एक कागद लागतो. मग सगळ्यांत नव्या बाईंना बोलावून सांगायचं, 'तुम्ही करून टाका हो, सोपं आहे.' बाई रात्री एकीकडे कणीक मळत व्हिडिओ लावतात. शेवटी दहा प्रश्न येतात. उत्तर चुकलं तर पुन्हा द्यायची मुभा असते, त्यामुळे नापास व्हायला विशेष कष्ट पडतात. प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन ऑफिसात टांगलं जातं. पुढच्या जूनमध्ये एखादं ऑटिस्टिक मूल आईचा हात धरून प्रवेशाला येतं, तेव्हा त्याच लॅमिनेटखाली बसून गोड आवाजात उत्तर मिळतं, 'आमच्याकडे तशी सोय नाही हो. मुलाचंच नुकसान होईल.'

दुसरं गिऱ्हाईक उद्योजक. आठ तासांचा कोर्स झाला की नवव्या तासाला दुकानाचा बोर्ड रंगवायला जातो. बोर्डावर एक फुलपाखरू, एक इंद्रधनुष्य आणि 'थेरपी' हा शब्द.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे कुटुंबातले काका. त्यांनी कोर्सचा पहिला व्हिडिओ अर्धाच पाहिलेला असतो, तोही दीडपट वेगाने. पण बारशाला, साखरपुड्याला, मयतालाही ते बोलतात पूर्ण कोर्स.

चौथं गिऱ्हाईक आई. मूल झोपल्यावर, म्हणजे रात्री एक-दीडला, ती कानात इअरफोन घालून बसते. वहीत नोंदी काढते. तिला शिकवतात की मुलाला रोजचा क्रम मोडलेला चालत नाही. हे तिला दोन वर्षांपूर्वीच कळलेलं असतं, कारण दोन वर्षं ती तोच क्रम सांभाळतेय. तिला शिकवतात की मुलाच्या वागण्याला काहीतरी कारण असतं, ते शोधा. तेही तिने शोधलेलं असतं. कुकरच्या शिट्टीने तो बिथरतो हे कळल्यावर तिने कुकर बाजूला ठेवून पातेल्यावर ताट झाकून डाळ शिजवायला सुरुवात केली. ते कोणत्याही मॉड्यूलमध्ये नाही.

आता हा हिशेब बघा. ज्या बाईला सगळ्यांत जास्त माहिती आहे, तीच सगळ्यांत मन लावून कोर्स करते. ज्यांना काडीची माहिती नाही, ते एक तर प्रमाणपत्र टांगतात किंवा बोर्ड रंगवतात. उरलेले फॉरवर्ड करतात. ऑटिझम समजून घेण्याचा अख्खा बाजार हा असा उलटा भरलेला आहे.

*

चांगले कोर्स नाहीतच, असं म्हणून सुटका करून घेता येत नाही. आहेत. इंग्लंडच्या केंट विद्यापीठाने चार आठवड्यांचा कोर्स केला. तिथल्या मुक्त विद्यापीठाचा २४ तासांचा आहे आणि तो फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली पालकांसाठी एक ऑनलाइन प्रशिक्षण काढलं, तेही फुकट. मुलाशी खेळायचं कसं, घरातल्या कामांत त्याला गुंतवायचं कसं, आणि हे करताना आईबापांनी स्वतः कोलमडायचं कसं नाही, असा त्याचा साधा मामला आहे.

इंग्लंडमध्ये तर 'ऑटिझम समजून घेणे' या नावाचं दुसऱ्या पातळीचं रीतसर प्रमाणपत्र सरकारी पैशातून मिळतं. मुख्य अट, इंग्लंडात राहायला हवं. डोंगरीत फिरंग्यांचं राज्य दोनशे वर्षं होतं, पण ते पोर्तुगीज निघाले, त्यामुळे तोही दावा बसत नाही.

फुकट म्हटलं की भाषा लागते, आणि भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजी. तीही सबटायटल वाचत बसावी लागणारी. उदाहरणंही त्यांचीच. सुपरमार्केटमधल्या ट्यूबलाइटचा मुलाला त्रास होतो, सायरनचा होतो, शाळेच्या डायनिंग हॉलमधल्या गोंगाटाचा होतो. डोंगरीच्या मुलाची ट्यूबलाइटबद्दल फारशी तक्रार नाही. त्याच्यापुढे आगेरा या सुगीच्या सणाच्या मिरवणुकीतला ब्रास बँड आहे. हळदीच्या रात्रीचा डीजे आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास आहे. संध्याकाळच्या बसमध्ये खांद्यावर टेकणारी अनोळखी माणसं आहेत, आणि त्या बसमध्ये कंडक्टर कधी कुठून तिकीट मागेल याचा नेम नाही. यांतलं एकही उदाहरण ज्या कोर्समध्ये नाही, तो चांगला असला तरी आपल्याला इथे बसून भाषांतर करून घ्यावा लागतो, आणि ते भाषांतर कोण करणार? पुन्हा आईच.

आरोग्य संघटनेच्या त्या प्रशिक्षणाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ते मुळात ऑनलाइन नव्हतंच. पालकांच्या गटासोबत नऊ बैठका आणि तीन वेळा घरी भेट, असा त्याचा आराखडा. शिकवणाऱ्याने घरात यायचं, मूल कुठे बसतं ते पाहायचं, भिंतीला डोकं आपटतं ती भिंत पाहायची. ऑनलाइनमध्ये नेमकी ही भेटच गळाली. त्या बदल्यात आपल्याला प्रमाणपत्राची पीडीएफ मिळाली. सौदा आपणच केला, आता कुरकुर कसली?

*

तरी ज्यांना पैसे भरायचेच आहेत त्यांनी 'पे नाऊ'वर अंगठा ठेवण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. पाचही फुकट आहेत.

पहिला: हे लोक बरं करून देणार आहेत का?

उत्तर 'हो' असेल तर मोबाईल बाजूला ठेवा. ऑटिझम हा आजार नाही, मेंदूच्या घडणीतला फरक आहे, तो जन्मभर सोबत राहतो. हे माहीत नसल्यासारखं दाखवणाऱ्यांचा धंदा मात्र जोरात. एकीकडे १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांवरचा एक लेख आला, लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा. २०१० साली तो मागे घेतला गेला, लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्डची डॉक्टरकीची नोंदणीही गेली. लेख गेला, फॉरवर्ड राहिला. दुसरीकडे आपल्याकडे स्टेम सेलची इंजेक्शनं लाखांच्या बिलावर विकली गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या उपचाराला ऑटिझमसाठी जागा नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने स्पष्ट शब्दांत नको म्हटलं. जुहूला 'कॅफे अर्पण' चालवणाऱ्या यश चॅरिटेबल ट्रस्टला हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात न्यावं लागलं. ज्या संस्थेने कॉफी पाजत बसायचं, तिच्यावर वकील लावायची वेळ यावी, यावरून बाजार किती तेजीत असेल ते समजा.

दुसरा: हे लोक दोष कोणाला देतात?

लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांची निरीक्षणं मांडून ऑटिझमचं वर्णन केलं. पुढे त्यानेच त्या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाबद्दल चार वाक्यं टाकली, आणि त्यांतून थंडगार आयांचा सिद्धान्त उभा राहिला: आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं. हा सिद्धान्त गाजवला ब्रूनो बेटेलहाइमने, १९६७ च्या पुस्तकात. या गृहस्थांची पीएच.डी. सौंदर्यशास्त्रातली होती. प्रमाणपत्र कशाचं आहे ते वाचायची सवय तेव्हाही कोणाला नव्हती. खरं तर बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीच हा सिद्धान्त खोडून काढला होता. खुलाशाचं पुस्तक आधी छापून आलं, आरोपाचं नंतर, आणि खपला मात्र आरोप.

आपल्याकडे तो अजून खपतो, फक्त वेष्टन बदललंय. 'आई नोकरी करते ना, म्हणून.' 'पोटात असताना टेन्शन घेतलं असणार.' 'मोबाईल दाखवून भरवते, मग काय होणार?' हल्ली 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचा माल आलाय, स्क्रीन बंद करा आणि ऑटिझम घालवा. निदानाच्या जगन्मान्य पुस्तकांत, डीएसएममध्ये किंवा आयसीडीमध्ये, या नावाचं काही नाही. लहान मुलाला तासन्‌तास मोबाईल देऊ नये, हे खरंच आहे. ते सांगायला ४९९ रुपये आणि एका आईची अब्रू लागत नाही. आणि गंमत म्हणजे, स्क्रीन बंद करा हे सांगणारा कोर्स स्क्रीनवरच असतो.

तिसरा: शिकवतंय कोण?

डॉक्टर आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, 'पॅरेंटिंग कोच' आहेत. ठीक. त्यांच्यात स्वतः ऑटिस्टिक असलेला एक तरी माणूस आहे का? हा प्रश्न विचारला की बरेच लोक बावरतात. ज्याच्याबद्दल शिकवायचं त्यालाच बोलवायचं, ही कल्पना त्यांना सुचलेलीच नसते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा अठरा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा २०१६ साली रुग्णालयात गेला. देऊ नका असं तो आणि घरचे सांगत असतानाही दिलेल्या औषधानंतर तो दगावला. त्याच्या आईने लढा दिला. २०२२ च्या कायद्याने तिथे आरोग्य आणि देखभाल सेवेतल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझमबद्दल शिकणं बंधनकारक झालं, आणि ऑलिव्हरच्या नावाच्या त्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः ऑटिस्टिक माणसं असतात. 'वाटलं तर करा, ४९९ रुपये' असा तो प्रकार नाही.

डेमियन मिल्टन हा समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक. त्याने २०१२ साली एक साधी गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही, असं आपण म्हणतो. मग इतरांना त्याचं मन कळतं का? गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, आणि कोर्स मात्र एकाच बाजूवर काढला जातो. डोळ्यांत बघायला त्याने शिकायचं, हस्तांदोलन करायला त्याने शिकायचं, गप्प बसायला त्याने शिकायचं. आपण काय शिकायचं, याचं मॉड्यूल अजून अपलोड व्हायचंय.

चौथा: या कागदावर मला काय करता येतं?

उत्तर सोपं आहे: काही नाही. विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. परिषदेचा कायदा १९९२ चा. नोंदणी नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! म्हणजे दंडापेक्षा बऱ्याच कोर्सची फी जास्त आहे. आठ तासांत थेरपिस्ट झालेल्यांनी हा आकडा वाचून घाबरायचं की हसायचं, हे त्यांनी ठरवावं. आईबापांनी मात्र केंद्रात गेल्या गेल्या नोंदणी क्रमांक विचारावा. विचारायला लाज वाटत असेल तर रिक्षावाल्याला मीटर टाकायला सांगतो तसं सांगावं.

पाचवा: यात आपल्या देशाचं नाव कुठे येतं का?

ऑटिझमचं भारतीय मापन आहे, आयएसएए नावाचं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केलेलं, चाळीस मुद्द्यांचं. एकूण गुण सत्तर किंवा पुढे गेले की ऑटिझम धरतात. दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो तो याच मोजमापावर. दाखल्यावर यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा, त्याखाली 'निरामय' नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान होतं, मग पालकत्वाचे कागद लागले तर तेही याच कायद्याखाली करता येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस दिव्यांगत्वं आहेत, त्यांत ऑटिझम आहे, आणि 'आमच्याकडे तशी सोय नाही' हे उत्तर त्या कायद्यात कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रमाणही सांगून टाकलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढे पंधरांमागे एक. यांतलं अक्षरही न सांगता 'ऑटिझम समजून घ्या' म्हणणं म्हणजे भाकरी शिकवायला बसायचं आणि तव्याचं नाव काढायचं नाही.

आणि एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीची देशव्यापी योजना. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. तीस प्रकारच्या अडचणी वेळेत हेरायच्या, त्यांत ऑटिझमही. ही योजना ६ फेब्रुवारी २०१३ ला देशात पहिल्यांदा सुरू झाली ती कुठे? पालघरला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. भाईंदरची खाडी ओलांडली की पुढे तीच लाइन. देशाचा नारळ आपल्या दारात फुटला आणि आपण इंग्लंडचा पिनकोड शोधतोय.

*

आता थोडं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक ऑटिस्टिक होता. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर होती. त्याच मापाने मोजलं तर आपल्या महापालिकेच्या हद्दीत सहा हजारांच्या वर माणसं निघतात, तीही जुन्या जनगणनेवर. यांतली तुम्हाला किती दिसतात? चर्चमध्ये, बाजारात, जत्रेत, गार्डनमध्ये? उरलेली घरात आहेत. दार आतून लावलेलं आहे, कारण बाहेर आलं की कोणीतरी ४ तासांचा कोर्स केलेलं भेटतं.

यांतली सगळी लहान मुलं नाहीत, हेही कोर्सवाले विसरतात. जाहिरातीत कायम चार वर्षांचं गोरंगोमटं पोर ठोकळे रचत बसलेलं. ते पोर चाळीशीचंही होतं, त्याची दाढी पिकते, त्याचे आईबाप म्हातारे होतात. मुलींचं तर निदानच उशिरा होतं. गप्प बसणारी, इतरांची नक्कल करून निभावून नेणारी मुलगी आपल्याकडे 'शहाणी' ठरते आणि विषय मिटतो.

कॅनरच्या त्या अकरा मुलांतला पहिला होता डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. तो वाढला, शिकला, बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. पत्रकार त्याच्या शोधात गावात पोचले तर गावकऱ्यांनीच त्यांना दटावलं, त्याला त्रास दिलात तर बघा. या गावकऱ्यांपैकी एकानेही कोर्स केलेला नव्हता. तो असा आहे, हे त्यांना माहीत होतं आणि तो आमचा आहे, हेही. आता खवचटपणा करायचाच तर, त्या बँकेत डोनाल्डच्या घरच्यांची मालकी होती. बँकवाल्याच्या मुलाला गाव लवकर समजून घेतं. डोलकराच्या मुलाला समजून घ्यायला किती वेळ लागतो, हा खरा पेपर.

डोंगरीला शिकता येत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्ध्याला येणार होती. तिथल्या लोकांनी विरोध केला, मग ती डोंगरीच्या डोंगरावर हलवायचं ठरलं. २०२५ च्या मार्चमध्ये बारा हजारांवर झाडं तोडायची नोटीस निघाली. तेव्हा इथल्या साध्या शेतकऱ्या-मच्छीमाराने काय काय शिकून घेतलं! वृक्ष प्राधिकरण म्हणजे काय, हरकत कोणत्या मुदतीत द्यायची, सुनावणीत काय बोलायचं, कोणत्या कागदाची पोच घ्यायची. कोणी कोर्स काढला नव्हता, प्रमाणपत्रही मिळालं नाही. डोंगर आपला वाटला, मग कायदाही समजला.

डोंगर आपला वाटतो, बसमधलं कान झाकून ओरडणारं पोर मात्र 'त्यांचं' वाटतं. ऑटिझम न समजण्याचं सगळं कारण एवढंच आहे. ते काही मेंदूत नाही, निदान त्या पोराच्या तरी मेंदूत नाही.

मग अभ्यासक्रम काय? फार नाही. बँडवाल्यांनी त्या एका घरासमोर दहा पावलं ढोल थांबवावा. कंडक्टरने तिकीट नेमकं एकाच थांब्यानंतर मागावं. चर्चमध्ये मागच्या बाकावर कोणी मोठ्याने हुंकार दिला तर पुढच्या बाकावरची मान वळू नये. बाळ येशूही गोठ्यात काही पिन-ड्रॉप शांततेत जन्मला नव्हता. शेजारणीने 'काय गो, बोलायला लागला का?' हे दर रविवारी विचारणं बंद करावं; लागला की त्याची आईच सांगेल, आणि नाही लागला तरी 'ये, चहा घे' म्हणता येतं. शाळेने त्या लॅमिनेटखालच्या खुर्चीत एकदा त्या मुलाला बसवावं. एवढं गावात झालं तर चार आठवड्यांचा कोर्स आपोआप पुरा होतो.

तरीही कोर्स लावायचाच असेल तर लावा. मुख्याध्यापकांना लावा, त्यांना परीक्षा पुन्हा द्यायची मुभा ठेवू नका. वॉर्डातल्या नगरसेवकाला लावा, भूमिपूजनाला नारळ फोडतो त्याच्या आधी. दहा वर्षं 'ऑफिसला उशीर होतो' म्हणून थेरपीला न आलेल्या बापाला लावा, रविवारची बॅच बघून. काकांना लावा आणि त्यांचा व्हिडिओ दीडपट वेगाने चालणार नाही अशी सेटिंग करा. फॉर्म भरताना फक्त आईचं नाव घालू नका. तिला मानधन द्या. ती शिकवणाऱ्यांत आहे.